गोऱ्यांच्या थडग्यांना दिलेलं आवतण

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नव्हे. या सदरातले अनुभव मी आवडीनं वाचते, पण चहाबरोबर चिवडा खावा तसे. मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि सुई टोचायची, हे माझं रोजचं काम. अंगात येतंय म्हणून आणलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन किती असतं ते मला विचारा. कुणी भूत दिसलं म्हणालं की मी आधी बी-ट्वेल्व करून घ्या म्हणते... तर अशी मी. आणि तरीही हे लिहायला बसलेय, कारण लॅबमध्ये कुणाला सांगितलं तर माझंच बी-ट्वेल्व करतील.

ही गोष्ट आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मी आणि आप्पा फुलेवाडीत राहतो. धाकटा भाऊ विनायक, आमचा विन्या, दोन गल्ल्या सोडून. आप्पा रस्त्याच्या खात्यात मुकादम होते. सगळी नोकरी गगनबावड्याच्या रस्त्यावर गेली. खड्डे भरा, चर काढा, दरड पडली की गँग घेऊन पळा. आता पंच्याहत्तरी ओलांडलीय. शुगर जुनी, रोज इन्सुलिन. आणि गेल्या दोन-तीन वर्षांपासून विसर पडायला लागलाय. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मधेच विचारतात, "तुझी आई कुठं गेली गं?" सुरुवातीला मी खरं सांगायचे. पण दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं, ते बघवेना. आता सांगते, माहेरी गेलीया.

माणूस सगळं विसरला तरी दोन सवयी काही विसरला नाही. एक म्हणजे, जेवायला बसले की समोर कुणीही असो, "या जेवाय!" म्हणायचंच. गॅसवाला, पोस्टमन, मीटर बघायला आलेला पोरगा, कुणीही. आणि तेही तोंडदेखलं नाही, समोरचा बसला की आप्पा खूश. दुसरी सवय, कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. शेजारच्या जमीलाभाभींचं आणि आमचं एकच पातेलं वर्षानुवर्षं फिरतंय. त्यांच्याकडून शीरखुर्मा आला की आमच्याकडून पुरणपोळी, काहीच नसलं तर निदान मूठभर शेंगदाणे. "रिकामं भांडं परत दिलं म्हंजे येणंजाणं तुटलं," असं आप्पा म्हणायचे. आई तर रिकामं भांडं देणाऱ्या बाईचं नाव काढायची नाही.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि आप्पांनी एकच धोशा लावला. "एकदा थडग्यांकडं जाऊन जेवूया."

कुठली थडगी, ते मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. गगनबावडा गाव मागं टाकलं की घाट उतरायला लागायच्या आधी डाव्या हाताला एक पायवाट आत जाते. कारवीच्या झुडपांतून जरा चाललं की जांभ्या दगडाची पडकी भिंत लागते. फाटकाचा एकच खांब उभा आहे. आत गोऱ्यांची जुनी थडगी. इंग्रजांच्या वेळी तिथं कोल्हापूर संस्थानाची हद्द संपायची. घाट खोदायचं काम चाललेलं, नाका होता, साहेब लोकांचा तळ होता. कोण तापानं गेलं, कोण दरडीखाली, त्यांना तिथंच पुरलं. पुढं तळ उठला, माणसं गेली, थडगी राहिली. आप्पांच्या वेळी एका मोठ्या थडग्यावर दगडी छत्री शाबूत होती. पावसात तेवढीच कोरडी जागा, म्हणून गँग तिथं बसून जेवायची.

आणि आप्पा काय करायचे माहीत आहे? डबा उघडला की थडग्यांकडं बघून हाक मारायचे, "या जेवाय!" गँगमधली माणसं हसायची. आप्पा म्हणायचे, "हसताय काय लेकांनो? जेवताना म्होरं कुणी असलं की म्हणायचंच. मेलं म्हणून काय झालं, म्होरं हाय न्हवं?" नोकरीभर हे चालू होतं. आम्ही लहानपणी हे ऐकून पोट धरून हसायचो.

तर एका रविवारी विन्याच्या गाडीतून निघालो. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, दही असा डबा घेतला. कळे गाव ओलांडलं आणि आप्पा एकदम तरतरीत झाले. कुठली मोरी कधी बांधली, कुठं ट्रक उलटला, सगळं धडाधड सांगायला लागले. सकाळी माझं नाव विसरलेला माणूस! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पोचलो तेव्हा आभाळ होतं, पण लख्ख दिसत होतं. छत्री केव्हाच कोसळली होती. थडग्यांवर शेवाळ. विन्या फोटो काढत फिरला. कोपऱ्यात एक लहानसं थडगं होतं, वरती वेल कोरलेली. अक्षरं झिजलेली. विन्यानं बोटानं शेवाळ खरवडून वाचलं, कुणाची तरी वाइफ, आणि पुढं नाइन्टीन. एकोणीस वर्षांची पोर. मला जरा कसंतरीच झालं, पण तेवढंच.

आम्ही फाटकाजवळ सतरंजी टाकली. मी आप्पांच्या पोटात इन्सुलिन दिलं. पेनचं बटण दाबून दहा मोजले, सुई काढली. ज्यांच्या घरात हे चालतं त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. एकदा हे आत गेलं की थोड्या वेळात पोटात अन्न गेलंच पाहिजे. नाहीतर शुगर खाली खाली जाते, घाम फुटतो, माणूस बरळतो, मग पडतो. म्हाताऱ्या माणसाचा तर जीवही जातो.

मी भाकऱ्या वाढेपर्यंत आप्पांनी थडग्यांकडं तोंड करून खणखणीत हाक मारली, "या जेवाय!"

विन्या म्हणाला, "आप्पा, खरंच आले तर? भाकरी बेतानंच आणल्यात आक्कानं."

"आलं तर माझ्यातली भाकरी दीन," आप्पा म्हणाले, आणि पाण्याची बाटली घेऊन उठले. "हात धुऊन येतो." भिंत चार पावलांवर. मी मान खाली घालून पिठलं वाढत होते. मान वर केली आणि भिंत दिसेना.

गगनबावड्याचं धुकं ज्यानं बघितलंय त्याला कळेल. खालून कोकणातून वर येतं ते सरळ अंगावरच येतं. भरदुपारी विन्याचा नुसता आवाज येत होता, विन्या दिसत नव्हता.

"आप्पा!" मी हाक मारली. ओ नाही. भिंतीपाशी गेले. बाटली तिथं उभी, बूच लावलेलं. आप्पा नाहीत.

पहिल्यांदा रागच आला. मग विन्या म्हणाला, "आक्का... पलीकडं कडा आहे," आणि राग कुठल्या कुठं गेला. आम्ही ओरडत सुटलो. विन्या रस्त्याकडं गेला, मी आत. एकेका थडग्याला हात लावून बघितलं, कारण डोळ्यांना दिसतच नव्हतं. ते कोपऱ्यातलं वेलीचं थडगंही चाचपलं, सगळ्या बाजूंनी. गार दगड आणि ओलं शेवाळ, बाकी कुणी नाही. हे मी शपथेवर सांगते.

वेळ जात होता. रोज शुगरचे आकडे बघणारी बाई मी, मला डोक्यात आकडे उतरताना दिसत होते. आता साठ असेल. आता पन्नास. आता घाम फुटला असेल, आता कुठंतरी बसले असतील, आता आडवे झाले असतील... अंबाबाईला काय काय बोलले मला आठवत नाही. मी मानत नाही म्हणाले ना वर? त्या वेळी सगळं मानलं. पाऊण तासाच्या वर गेला असेल. मी फाटकाच्या खांबाला धरून नुसती रडत उभी होते.

"कुणाला हुडकतीयास?"

आवाज मागून आला. धुकं जरा विरळ झालं होतं. आप्पा त्या कोपऱ्यातल्या थडग्याच्या कठड्यावर मांडी घालून बसले होते. खांद्यावरचा पंचा मांडीवर नीट पसरलेला. हातात एक करड्या रंगाचं, कान असलेलं, वाटीएवढं भांडं. आणि आप्पा बोटानं ते पुसून चाटत होते.

मी धावत जाऊन त्यांना धरलंच. "कुठं गेलतासा? जीव गेला माझा! चला आधी, जेवा!"

"जेवलो की," आप्पा म्हणाले.

"काय जेवलासा? कुणी दिलं?"

"पोरगी हुती एक. ओली शाल गुंडाळल्याली. काय बोलली ते कळलं न्हाय, पर आग्रह तो आग्रहच की! गोड हुतं. दुधातलं, खिरीगत. येलदोडा मात्र न्हवता."

माझ्या पिशवीत शुगरचं मशीन असतंच. तिथंच आप्पांच्या बोटाला टोचलं. आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस, पोटभर जेवलेल्या माणसाचा. मी दुसऱ्या बोटाला टोचलं. तोच, एखाद्या आकड्याचा फरक. घाम नाही, थरथर नाही, डोळे स्वच्छ. आमच्या डब्यातल्या भाकरीला कुणी हात लावला नव्हता.

विन्या रस्त्यावरून परतला आणि त्याच पावली जवळच्या वाडीवर विचारून आला. कुणी बाई इकडं आलेली नाही, धुकं असलं की ते लोक कड्याच्या बाजूला फिरकत नाहीत. "असली धुक्याची दुपार आणि खीर कोण करतंय पावणं?" एका म्हाताऱ्यानं उलट त्यालाच विचारलं. भांड्यात तपासायला काही उरलं असतं तर मी तपासलंही असतं. पण आमच्या आप्पांनी पुरावाच चाटूनपुसून खाल्लेला!

घरी आल्यावर डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, इन्सुलिन नीट गेलं नसेल, पेनमध्ये हवा असेल, शिवाय माणूस घाबरला की शुगर वर चढते. बरोबर आहे, असं होतं. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. फक्त घाबरलो होतो आम्ही, आप्पा नव्हे. आणि ते भांडं? कुणीतरी टाकलेलं असेल, आप्पांना गवतात सापडलं असेल. हेही बरोबर. मी सगळं बरोबर म्हणाले आणि भांडं पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलं.

पण आप्पा विसरेनात.

सांगितलं ना, आई गेलेली त्यांना आठवत नाही. विन्याच्या पोरांची नावं आठवत नाहीत. आणि हे भांडं रोज आठवतं! सकाळी उठले की टोपी घालून तयार. "चल, त्या पोरीचं भांडं द्याचं हाय. काय म्हणंल ती?" मी म्हणायचे, जाऊ की रविवारी. रविवार आला की विन्याला काम निघायचं, म्हणजे मीच काढायला लावायचे. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. भुताची नव्हे. त्या रस्त्यावर आप्पांचे डोळे लकाकले होते त्याची भीती. त्यांना तिथं बरं वाटत होतं, माझ्या घरापेक्षा बरं, याची. जेवताना आता ते "या जेवाय" म्हणायचे आणि दाराकडं बघून थांबायचे. कुणी काहीतरी उत्तर देतंय आणि ते ऐकून घ्यावं, तेवढाच वेळ. मग मान हलवून घास घ्यायचे.

एकदा तर लॅबमध्ये फोन आला. रंकाळा स्टँडवरून, एक कंडक्टर बोलत होता. "आजोबा गगनबावड्याच्या गाडीत बसलेत. खिशात तुमचा नंबर घावला. पोरीकडं जेवायला चाललोय म्हणतात. तिकडं पोरगी दिलीय काय तुमची?"

मी रिक्षानं पळत गेले. आप्पा खिडकीपाशी बसलेले, मांडीवर हात, अगदी शांत. शुगरची वेळ, जेवणाची वेळ, कशाचं भान नाही. बस सुटली असती तर? घरी आणून मी त्यांच्यावर ओरडले, मग स्वतःच रडले. जमीलाभाभी मला पाणी देत म्हणाल्या, "बेटी, जे काय असेल ते एकदा मिटवून टाक."

मिटवायचं कसं, ते मला माहीत होतं. भांडं रिकामं परत द्यायचं. येणंजाणं तुटतं.

दिवाळीनंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी मी निघाले. ड्युटी आहे म्हणून सांगितलं. विन्यालासुद्धा बोलले नाही. तो हसला असता, नाहीतर बरोबर आला असता, आणि मला दोन्ही नको होतं. ड्युटी दाखवायची म्हणून रोजचा डबाही भरून घेतला. आप्पा झोपलेले असताना माळ्यावरून भांडं काढून पर्सच्या तळाशी ठेवलं. जमीलाभाभींना आप्पांजवळ बसवलं आणि रंकाळा स्टँडवरून एसटी धरली.

त्या दिवशी धुक्याचं नाव नव्हतं. लख्ख ऊन, गवत वाळायला लागलेलं. मी सरळ कोपऱ्यात गेले, भांडं थडग्यावर ठेवलं. रिकामं. "तुमचं तुम्हाला पोचलं," असं मोठ्यानं म्हणाले आणि वळले. जवळपास फाटकापर्यंत गेले. त्या खांबाशी पोचले, ज्याला धरून मी त्या दिवशी रडले होते.

तिथं पाय अडले. पेनमध्ये हवा नव्हती हो. मी स्वतः बघून टोचलं होतं, दहा मोजले होते. त्या धुक्यात माझा म्हातारा बाप उपाशी भटकत होता आणि त्याच्या पोटात कुणीतरी काहीतरी घातलं म्हणून तो आज घरी आहे. कुणी घातलं ते मला माहीत नाही. पण एकोणीस वर्षांची पोर, घरापासून इतक्या लांब येऊन मेलेली... तिच्याकडं आमचा माणूस जेवला आणि मी तिच्या पुढ्यात रिकामं भांडं आपटून चालले? जमीलाभाभींशी असं केलं असतं का मी? आईनं मला घरात घेतलं नसतं.

परत फिरले. जवळ काय होतं? डब्यात एक भाकरी आणि ठेचा. अर्धी भाकरी मोडून त्या भांड्यात ठेवली, वर ठेच्याचा गोळा. उरलेली अर्धी घेऊन कठड्यावर बसले. आणि पहिला घास उचलताना तोंडातून आपोआप गेलं, "या जेवायला."

माझ्याच आवाजानं मी दचकले. काही झालं नाही. वारा नाही, पान हललं नाही. लांब घाटातून ट्रकचा हॉर्न आला. अर्धी भाकरी संपवूनच उठले. मागं वळून बघितलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आप्पा टीव्हीवर कुस्ती बघत बसलेले. जमीलाभाभी म्हणाल्या, दिवसभर शहाण्यासारखे होते, जेवले, झोपले, कुठं जायचं म्हणाले नाहीत. त्या गेल्या. मी चेन लावलेली पर्स खुंटीला अडकवली आणि चहा ठेवायला आत वळले.

"शुभे," आप्पांनी हाक मारली. कित्येक महिन्यांनी माझं नाव घेतलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "ठेचा कशाला दिलास गं? त्या पोरीच्या डोळ्यांतनं पाणी आलं की. तिला न्हाय सोसत तिखट."

मी तशीच बाहेर आले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

आप्पा कुस्तीत रंगले होते. "आर्रर, पट काढला बघ!" म्हणाले. पुन्हा विचारलं तर "काय सांगितलं?" म्हणून माझ्याकडेच बघायला लागले.

त्यानंतर त्यांनी एकदाही भांड्याचं नाव काढलेलं नाही. टोपी घालून उभे राहत नाहीत, स्टँडवर जात नाहीत. मी तिथं गेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं, आणि हे लिहीपर्यंत मी कुणाला सांगितलेलंही नाही. मला याचा अर्थ लागत नाही. उत्तर डॉक्टरांकडं नाही, विन्याकडं नाही, माझ्या मशीनकडं तर नाहीच. काळजी गेलीय असंही नाही. आप्पा एक दिवस जाणार, ते मला कळतं, आणि त्या विचारानं अजून रात्रीची उठून त्यांचा श्वास बघते. पण गेल्यावर त्यांना आठवत नसलेल्या रस्त्यावर ते उपाशी बसतील, ही जी माझी भीती होती, ती जरा कमी झालीय.

भांडं तिकडंच आहे. पुढच्या खेपेला दूध आणि गूळ घेऊन जाणार आहे.